जुनी गाडी, नवी मालकीण

बोहारणीकडून पातेलं घेतलेलं आठवतंय का? आता बोहारीण दारावर क्वचितच येते, पण आपल्या आयांना तिच्याशी घासाघीस करताना आपण लहानपणी पाहिलेलं आहे. आई आधी पातेलं बोटांनी वाजवायची. मग उलटं करून बूड बघायची, काठ चाचपायची, फरशीवर ठेवून डुगडुगतं का ते पाहायची. एवढं सगळं झालं की मग दोन जुन्या साड्यांवर बोलणं सुरू व्हायचं. जुन्या साड्यांवर घ्यायच्या पातेल्याची ही तपासणी! आणि चाळीस हजारांची जुनी मोटारसायकल दारात येते तेव्हा आपण काय करतो? चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतो, गाडीचा रंग बघतो आणि म्हणतो, "छान आहे. ह्यांना कळतं त्यातलं."

मीही तेच म्हणत आले होते. पण २०२५ च्या जूनमध्ये गाडी माझ्यासाठीच घ्यायची वेळ आली. मी तासिका तत्त्वावर ज्या शाळेत शिकवते, ती आमच्या गावापासून अकरा किलोमीटर आत आहे. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. पावसाळ्यात दोनदा माझा पहिला तास बुडाला, आणि तासिकेवरच्या बाईचा तास बुडाला की तासाचे पैसेही बुडाले. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून जुनी शोधायला लागले. दुकानातून नव्हे, तर घरगुती मालकाकडून. त्या शोधात जे शिकले, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

शिकणारीने कोणती गाडी घ्यावी?

आपल्या आयांच्या पिढीत बाईची गाडी म्हणजे लूना. १९७२ साली तयार होऊ लागलेली ती पन्नास सीसीची मोपेड कित्येक शिक्षिका, नर्सबाई आणि बँकेतल्या ताईंनी वर्षानुवर्षं चालवली. आज बहुतेकजणी विनागिअरची स्कूटर घेतात आणि गावातल्या गावात फिरायला ती सोयीचीच. पायाशी पिशवी ठेवता येते, साडीतही बसता येतं. पण रस्ता खडबडीत असेल, तर चाकांचा विचार करावा. स्कूटरचं चाक साधारण दहा-बारा इंची, तर मोटारसायकलचं सतरा-अठरा इंची. मोठं चाक खड्ड्यात कमी आपटतं. आमचा शाळेचा रस्ता म्हणजे खड्ड्यांत मधूनमधून डांबर! म्हणून मी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं, आणि घरात सगळ्यांनी आधी हसून घेतलं.

शिकणारीला शंभर ते एकशेदहा सीसीची गाडी पुरे. उदाहरणच द्यायचं तर १९९४ पासून आपल्या रस्त्यांवर असलेल्या स्प्लेंडर जातीच्या गाडीचं वजन एकशेबारा किलोच्या आसपास आणि सीटची उंची ७८५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एकतीस इंच. साधारण उंचीच्या बाईचे पाय जमिनीला टेकतात. नवखीने पहिली कसोटी हीच लावावी. गाडीवर बसायचं, दोन्ही पाय टेकवायचे, स्टँड काढून गाडी डावीउजवीकडे थोडी कलती करून बघायची. तोल सांभाळताना दंड थरथरायला लागले, तर ती गाडी कितीही स्वस्त असो, आपली नव्हे. भाचा किंवा दीर म्हणेल, "थोडी मोठीच घ्या वहिनी, पिकअप चांगला असतो." त्याला लाडू द्यावा आणि गप्प बसवावं.

आणखी एक. गाडीच्या मागच्या चाकाला जाळी, म्हणजे साडी-गार्ड, मागे बसणारीला धरायला कडी आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असायलाच हवेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तसं लिहिलेलं आहे. तरुण मुलं गाडी 'स्मार्ट' दिसावी म्हणून ही जाळी काढून टाकतात. पदर किंवा ओढणी चाकात जाण्याचा धोका आपल्याला, त्यांना नव्हे. जाळी नसेल तर बसवून मागा.

गोड बोलणारा पहिला मालक

पहिली गाडी दाखवायला एक तरुण आला. कपाळाला गंध, बोलायला अतिशय नम्र. "ताई, एकहाती गाडी आहे. मीच वापरलेली. घरच्यासारखी ठेवलीय." गाडी चकचकीत होती, इंजिन घरातूनच गरम करून आणलं होतं. किंमत बाजारभावापेक्षा सात-आठ हजारांनी कमी. हे खूश झाले. मी मात्र बोहारणीचं पातेलं आठवून म्हटलं, "आधी आर.सी. बुक बघू."

नोंदणीपुस्तकावर नाव तिसऱ्याच माणसाचं. "ते माझ्या मित्राचे काका," तो म्हणाला. "त्यांच्या सह्या करून ठेवलेले फॉर्म आहेत ना माझ्याकडे. तुम्ही फक्त तुमचं नाव भरा." खिशातून त्याने खरोखरच फॉर्म २९ आणि फॉर्म ३० काढले. खाली सही, वर सगळं कोरं.

आता ह्यात वावगं काय, असं मलाही वाटलं असतं. पण विचार करा. ते काका कुठे आहेत? सही त्यांचीच आहे कशावरून? गाडी त्यांनी विकली, की हरवली म्हणून पोलिसांत तक्रार दिली आहे? मधल्या काळात गाडी किती हातांतून गेली? मी म्हटलं, "काकांना घेऊन या, चहा पिऊ आणि व्यवहार करू." तो "उद्या येतो" म्हणाला. तो उद्या आजवर उगवलेला नाही.

तेव्हा पहिला नियम हा, की ज्याचं नाव पुस्तकात, तोच समोर हवा. त्याचं ओळखपत्र बघा आणि सही आपल्या डोळ्यांदेखत घ्या. इंटरनेटवर जाहिरात देणाऱ्या काही भामट्यांची दुसरी तऱ्हा असते. 'माझी बदली झाली आहे, गाडी पार्सलने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका' असं ते सांगतात. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि मोबाइलवरून पैसे देताना लक्षात ठेवा, पिन टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

आठ महिने झाकून ठेवलेली गाडी

दुसरी गाडी आमच्याच पेठेत, तीन गल्ल्या पलीकडे निघाली. घराच्या बोळात जुन्या चादरीखाली झाकलेली. २०१९ च्या दिवाळीत घेतलेली, शंभर सीसीची. दाखवणाऱ्या ताई माझ्याच वयाच्या. त्यांचे यजमान २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आजारपणात गेले. गाडी तेव्हापासून तशीच उभी. घरात दोन शाळकरी मुलं आणि वयस्कर सासूबाई.

आर.सी. अर्थातच यजमानांच्या नावावर. ताईंचे दीर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? दादाची सही मी मारतो, हुबेहूब येते मला. तारीख मागची टाकू. एक गिऱ्हाईक चाळीस हजार रोख द्यायला तयार आहे, तुम्हीही तेवढे दिलेत तर तुम्हाला."

मैत्रिणींनो, मला गाडी हवी होती. जूनचा पाऊस सुरू झाला होता आणि मी रोज जीपमध्ये गुडघ्यावर गुडघा ठेवून जात होते. क्षणभर वाटलं, घ्यावी आणि मोकळं व्हावं. पण गेलेल्या माणसाची सही करायची, म्हणजे सरळसरळ खोटा दस्तऐवज. तो सापडला तर करणारा गोत्यात, आणि गाडी माझ्या दारात. शिवाय त्या ताईंच्या दृष्टीने ह्याहूनही वाईट गोष्ट दुसरी होती, ती त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

समजा, त्या रोख पैसेवाल्याने गाडी नेली आणि नावावर केलीच नाही. उद्या त्या गाडीखाली कुणी सापडलं, गाडीला विमा नाही, तर भरपाई कोणाकडे मागतील? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, की गाडी हातोहात पुढे विकली गेली असली, तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. इथे नाव यजमानांचं. म्हणजे दावा आला असता तो त्यांच्या मागे राहिलेल्या मिळकतीवर, मुलांच्या तोंडच्या घासावर.

मी त्यांना हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "ताई, आधी गाडी तुमच्या नावावर करून घ्या. मग मला विका, नाहीतर त्या चाळीस हजारवाल्याला. पण नावावर केल्याशिवाय कुणालाही देऊ नका." हे मला घरी येताना म्हणाले, "तू गाडी घ्यायला गेली होतीस की शिकवायला?" पण त्यांनाही पटलं होतं.

चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला. "बाई, कागद करायचे म्हटल्यावर ते गिऱ्हाईक परत आलंच नाही. तुम्ही थांबाल का?"

मी थांबले.

मेकॅनिकची फी वाचवू नये

दुसऱ्या भेटीला आमच्या गॅरेजवाल्या दादांना घेऊन गेले. त्यांनी तीनशे रुपये घेतले आणि कित्येक हजारांचं ज्ञान दिलं. त्यांनी जे बघितलं, ते तुम्हीही बघू शकता.

आधी इंजिनाला हात लावून बघा, ते थंड हवं. थंड इंजिन खरं बोलतं. किक मारल्यावर सायलेन्सरकडे लक्ष द्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतं आहे, खर्च मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातं आहे, हे बहुधा थोडक्यात सुधारतं. गार सकाळी थोडी पांढरी वाफ निघून थांबली, तर घाबरू नये.

मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करायचं आणि हँडल सावकाश ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. मध्येच अडकल्यासारखं वाटलं, तर हँडलचे बेअरिंग, ज्याला गॅरेजवाले 'कोनसेट' म्हणतात, ते गेले. चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बघा, खडखडलं तर चाकाचे बेअरिंग. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ असेल, तर ऑइलसील गेलं.

चेन बघताना मागच्या दातेरी चक्राचे दात नीट पाहा. दात सरळ आणि सारखे असले तर ठीक, करवतीसारखे एका बाजूला झुकले असले तर चेनसेट बदलावा लागणार. गाडीच्या मागे चार पावलांवर उकिडवं बसून दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का ते पाहावं. गाडी जोरात आपटलेली असेल तर इथे कळतं. फूटरेस्टची टोकं, ब्रेकचा दांडा, सायलेन्सरची कड घासलेली असेल, तर गाडी त्या अंगावर पडलेली आहे. नवखं माणूस एकदोनदा पाडतंच, त्याचं दुःख नाही. पण मालक "कधी पडलीच नाही" म्हणत असेल, तर बाकीचं बोलणंही तोलून घ्या.

किलोमीटरच्या आकड्यावर भोळा विश्वास नको. आकडा वीस हजार सांगतो आणि गिअरच्या दांड्याचं व फूटरेस्टचं रबर मात्र पार गुळगुळीत झालंय, तर कुणीतरी खोटं बोलतं आहे, आणि रबर खोटं बोलत नाही. सर्व्हिसिंगचं पुस्तक असेल तर त्यातले आकडे ताडून बघा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ह्या गाडीवर ३८१९ होतं, म्हणजे २०१९ च्या अडतिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी बरी होती, पण उन्हापावसात उभं राहून रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. दादा म्हणाले, "नक्षीवर जाऊ नका वहिनी, ह्यावर पावसात ब्रेक लागणार नाही."

माझी एक फजितीही सांगते. चावी फिरवून गाडी सुरू झाली तसा पुढचा दिवा लागला. बटण शोधलं, सापडेना. मी मोठ्या हुशारीने म्हटलं, "दिवा बंद होत नाही, वायरिंग बिघडलंय!" दादा हसले. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना दिवा कायम चालूच राहायचा नियम आहे. तेव्हा हा दोष मानून भाव पाडायला जाऊ नका. तसंच एप्रिल २०१९ पासूनच्या एकशेपंचवीस सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान जोडब्रेक असतो. एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. शिकणारीला हा फार मोठा आधार, म्हणून शक्य असेल तर त्यानंतरची गाडी बघावी.

शेवटी चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर. मोटारसायकलचा चॅसिस नंबर बहुधा हँडलखाली सांगाड्याच्या मानेवर कोरलेला असतो. फडक्याने पुसा आणि पुस्तकातल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. तिथे खरवडल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा दिसल्या, तर चहाही न पिता निघा.

विधवेशी घासाघीस कशी करायची?

हा प्रश्न मला रात्रभर सतावत होता. ताईंनी बेचाळीस हजार सांगितले होते. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी मी, पण इथे जीभ रेटेना. आणि माझेही पैसे काही झाडाला लागलेले नव्हते, सुट्टीतल्या शिकवण्यांचे साठवलेले होते.

दादांनीच वाट दाखवली. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं : बॅटरी १,३००, दोन टायर ३,४००, चेनसेट १,१००, कार्ब्युरेटर साफ करणं आणि ऑइल बदलणं ७००. एकूण ६,५००. तो कागद मी ताईंपुढे ठेवला आणि म्हटलं, "एवढं मला घालावं लागणार आहे. एवढंच कमी करा, त्यापलीकडे मी एक रुपयाही मागणार नाही." त्यांनी कागद दोनदा वाचला आणि साडेपस्तीस हजारांना हो म्हणाल्या. खर्चाचा कागद समोर असला, की घासाघीस करताना कोणाचीच मान खाली जात नाही, हे मी त्या दिवशी शिकले. कुठल्याही घरगुती व्यवहारात ही रीत वापरून बघा.

हजार रुपये विसार दिला आणि त्याची पावती घेतली. गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, 'कागद पूर्ण झाल्यावर बाकी रक्कम' एवढं त्यात लिहिलं.

कागदांचे सात आठवडे

मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. नियम असा, की मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवावं, आणि तीन महिन्यांच्या आत हा अर्ज द्यावा. दुःखात हे कुणाला सुचतं? ताईंनाही सुचलं नव्हतं. उशीर झाला तरी अर्ज करता येतो, पण कागद वाढतात. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा किंवा प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लिहून द्यावं लागतं.

इथे एक गंमत झाली. एवढा वेळ पुढे पुढे करणारे दीर वारसांत बसतच नव्हते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी पहिला हक्क बायकोचा, मुलांचा आणि आईचा. पत्नी आणि मुलं असताना भावाचा नंबर लागत नाही. सासूबाईंचं संमतिपत्र मात्र हवं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "गाडी कुठं जाणार?" ताई म्हणाल्या, "शाळेत, ह्या बाईंबरोबर." म्हातारीने अंगठा उठवला.

विमा बघितला, तर तोही संपलेला. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा घ्यावाच लागतो. २०१९ च्या दिवाळीतली गाडी, म्हणजे २०२४ च्या दिवाळीत तो संपला, नेमका घरावर आभाळ कोसळलं त्या दिवसांत. तुमच्याही घरात त्या सुमाराला घेतलेली गाडी असेल, तर हा लेख खाली ठेवून आधी तारीख बघून या. एकदा पाच वर्षांचा भरला म्हणून आपण निर्धास्त राहतो. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलं, तर पहिल्या वेळचाच दंड दोन हजार रुपये आहे, आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. दादांनी गाडी चालती केली, विमा आणि पीयूसी काढून घेतली आणि मग अर्ज पुढे सरकला.

थकलेले दंड, म्हणजे ई-चलनं, आम्ही वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे चार आकडे टाकून बघितली. हेल्मेट नसल्याचं एक जुनं चलन निघालं, ते ताईंनी भरलं. आर.सी.वर कर्जाचा बोजा आहे का, हेही पाहा. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजाची नोंद आपोआप जाईल असं धरून चालू नये. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ती काढून घ्यावी लागते.

गाडी ताईंच्या नावावर झाली आणि मग आमची खरेदी झाली. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघींनी समोरासमोर बसून भरले. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पैसे बँकेतून दिले. ताबा-पावतीवर तारीख तर लिहिलीच, पण वेळही लिहिली, 'सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे'. त्या मिनिटाआधीचं सगळं त्यांचं, नंतरचं माझं. दोन्ही किल्ल्या मागून घ्यायला विसरू नका. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. आधीच्या मालकाची 'नो क्लेम' सवलत मात्र त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही.

नाव कुणाचं?

फॉर्म भरताना हे सहज म्हणाले, "माझ्याच नावावर घेऊ या. सगळं माझ्याच नावावर आहे, कागद एकत्र राहतील." ह्यात त्यांचा काही डाव नव्हता, सवय होती. आपणही सवयीनेच मान डोलावतो. पण विम्याच्या कागदात एक ओळ असते, ती मी वाचली होती. 'मालक-चालक' ह्याच्यासाठी वैयक्तिक अपघाताचं पंधरा लाखांचं कवच असतं. २०१८ पूर्वी दुचाकीला ते एक लाखाचंच होतं. हे कवच मिळतं ते नोंदणीत नाव असलेला मालक स्वतः, वैध परवान्यासह, गाडी चालवत असेल तेव्हा. गाडी ह्यांच्या नावावर आणि रोज चालवणार मी, तर माझ्या अपघाताला ते कवच नाही. मागे दोन मुलं आहेत.

मी एवढंच म्हटलं, "रोज चालवणार कोण?" ह्यांनी ती ओळ वाचली, पेन माझ्याकडे सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी झालं, रेशनकार्ड सोडून.

परवान्याचंही असंच. माझ्याकडे विनागिअरच्या गाडीचा परवाना होता, तो गिअरच्या मोटारसायकलला चालत नाही. शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो आणि निदान तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर पुढेमागे 'एल'ची पाटी लावायची, आणि मागे बसवायचं ते फक्त परवाना असलेल्या, शिकवणाऱ्या माणसाला. मुलीला शाळेत सोडायचा मोह होतो, पण नाही म्हणजे नाही.

कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या आयांनाही सांगून ठेवते. अठरा पुरी झाल्याशिवाय गिअरची गाडी हातात देऊ नका. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा. कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लाड महागात पडतात.

पर्समध्ये ठेवायची यादी

१. आर.सी.वरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे ना? तो वारला असेल तर आधी फॉर्म ३१.
२. चॅसिस आणि इंजिन नंबर जुळतात का?
३. नोंदणीला पंधरा वर्षं होत आली आहेत का? मग पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च धरा.
४. विमा, पीयूसी, ई-चलन, कर्जाचा बोजा.
५. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबरपाटी बसवली आहे का?
६. थंड इंजिन, धूर, चाकं, चेन, टायरची तारीख. मेकॅनिक बरोबर.
७. कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची नाही, द्यायची नाही.
८. पैसे बँकेतून, पावतीवर तारीख आणि वेळ.
९. जी चालवणार, तिच्या नावावर गाडी.
१०. हेल्मेट मात्र जुनं घ्यायचं नाही. आय.एस.आय. शिक्क्याचं नवं, आणि मागे बसणाऱ्यालाही.

आता मी शाळेत वेळेवर पोचते. पहिल्या आठवड्यात गाडी दोनदा बंद पाडली, एकदा शाळेच्या फाटकात आडवीही केली. सातवीच्या पोरांनी उचलून दिली आणि दिवसभर हसली. जाताना ताईंचं घर लागतं. त्यांचा धाकटा ओट्यावर असला की हात करतो. माझ्याकडे बघून नव्हे, गाडीकडे बघून. मी हॉर्न वाजवते आणि पुढे जाते.

बरंय तर. तुमच्या घरातल्या गाडीचे कागद कुठल्या कपाटात आहेत आणि त्यावर नाव कुणाचं आहे, एवढं आज संध्याकाळी जरूर बघा.